हौसाबाईच्या घरची हुमणी

चंपत लढाईवरून धडधाकट परत आला, याचा आनंद हौसाबाईला महिनाभर पुरला. मग तिला त्याच्या तोंडच्या एका शब्दाची चीड यायला लागली. तो शब्द म्हणजे ‘तिकडे’.

कारंजाच्या वेशीबाहेर, मानोऱ्याच्या रस्त्याला लागून पुंजाजीचा मळा होता. विहीर, मोट, वांग्यांचे नि मिरच्यांचे वाफे, मेथी, सांबार. कोथिंबिरीला इकडे सांबारच म्हणतात. मळ्यातच कुडाचं घर. पुंजाजी हा गळ्यात तुळशीची माळ घालणारा, कमी बोलणारा माणूस. घरातलं बोलायचं काम हौसाबाईकडे होतं आणि ते ती दोघांच्याही वाटचं करायची. चंपत त्यांचा थोरला. पलटणीत गेला तो बंदूक धरायला. लागला लंगरखान्यात कांदे चिरायला. समुद्रापलीकडे हैफा नावाच्या बंदरात पलटणीच्या पलटणींना डाळ शिजवून घालून तो सेहेचाळीस साली घरी आला, तेव्हा त्याची बायको पंचफुला दारामागे उभी राहून रडली, बहीण रुपा दारापुढे उभी राहून रडली, आणि हौसाबाईने रडता रडताच चुलीवर पिठलं टाकलं.

ते पिठलं चंपतने कढईतूनच खाल्लं. दुसऱ्या दिवशीही खाल्लं. तिसऱ्या दिवशी कढईला लागलेली खरवड उलथण्याने खरवडून खाल्ली. हौसाबाई शेजारणींना सांगत सुटली, “पोट्ट्यानं चार मुलूख पायले, पन जीभ माह्याच घरची हाय.”

आणि मग ‘तिकडे’ सुरू झालं. “तिकडे पानी नळातून येते, माय.” “तिकडचे गाढवं बी आपल्या गोऱ्ह्याएवढे.” “तिकडे वांगं भाजून त्यात दही टाकतेत.” हौसाबाई सगळं ऐकून घ्यायची. नळाशी तिचं वैर नव्हतं, गाढवांशी तर नव्हतंच. पण फाल्गुनातल्या एका दुपारी पिठल्याचा घास तोंडात धरून चंपत कुठेतरी लांब बघत राहिला आणि म्हणाला, “तिकडे हरभऱ्याचं एक करतेत, माय. हुमूस म्हनतेत त्याले. लोन्यावानी लागते.”

हौसाबाईने पळी खाली ठेवली. सगळ्या माळीपुऱ्यात तिच्या पिठल्याची कीर्ती होती. पण तिच्या पिठल्याला आजवर कोणी लोणी म्हटलं नव्हतं.

“कसं करतेत?”

“हरभरे शिजवाचे अन् वाटाचे. तीळ वाटाचे. लसून, लिंबू, मीठ.”

“मंग फोडनी.”

“फोडनी नाही.”

“हळद?”

“नाही.”

“मंग गरम करून...”

“थंडच खातेत, माय. वरून तेलाची धार सोडून.”

हौसाबाईने पळी पुन्हा उचलली. “म्हंजे कालचं पिठलं,” ती म्हणाली. “करनारी फोडनी इसरली अन् कोनी इचारलं नाही.”

पंचफुला पदरात तोंड लपवून हसली. चंपत मात्र हसला नाही. त्याने हात धुतले, टोपी घातली आणि तडक बाजार गाठला. संध्याकाळी तो पांढरे काबुली हरभरे घेऊन आला आणि ते त्याने गंजात भिजत घातले. हौसाबाईला वाटलं, उसळ होईल. सकाळी त्याने ते चिमूटभर पापडखार टाकून असे शिजवले की बोटाने दाबताच त्यांचं पीठ व्हावं. संक्रांतीचे उरलेले तीळ पंचफुलाकडून भाजून कुटून घेतले. मग आपली पलटणीची पेटी उघडली आणि तळातून एक लोखंडी यंत्र काढलं.

वर नरसाळ्यासारखं तोंड, पोटात मळसूत्र, मागे दांडा, आणि पुढे भोकाभोकांची गोल चकती. खाली पकडायला एक कळ.

“हे कायचं मशीन होय?” हौसाबाईने विचारलं.

“वाटाचं. पलटन मोडली तवा लंगरखान्यातलं सामान मातीमोल इकलं ना, तवा घेतलं. नवं कोरं हाय, माय. याले अजून काई लागलं नाही.”

“काई म्हंजे काय?”

चंपतने एकदा बापाच्या गळ्यातल्या माळेकडे पाहिलं. “काईच नाही,” तो म्हणाला. तिकडचे लोक या यंत्रात खिमा करतात, हे त्या घरात शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही.

यंत्र पक्कं बसवायला घरात मेज नव्हतं. म्हणून चंपतने ते बाजेच्या लाकडाला कळीने आवळलं आणि दांडा फिरवायला लागला. पहिल्याच फेऱ्याला बाज हातभर सरकली. त्याने पंचफुलाला वजन म्हणून बाजेवर बसवलं. पंचफुला होती काडीसारखी. दर फेऱ्याला बाज कुरकुरत दाराकडे निघाली आणि तिच्याबरोबर पंचफुलाही, दोन्ही हातांनी पदर सावरत, वरातीतल्या नवरीसारखी. रुपा बाजेबरोबर चालत चालत वरून हरभरे टाकत होती. पुढच्या भोकांतून मात्र माल पडत होता खरा. पांढऱ्या, गुबगुबीत, बोटाएवढ्या वळ्या बाहेर यायच्या, आकड्यासारख्या वाकायच्या आणि परातीत टपकायच्या.

नेमकी त्याच वेळी शेजारच्या मळ्यातली आवडाबाई विरजण मागायला आली.

आवडाबाई दारात थबकली, कारण बाज दारापर्यंत पोचली होती. तिने परातीत पाहिलं. आणि तिच्या अंगावर काटा आला.

माळ्याच्या घरी हुमणीचं नाव काढलं तरी बायामाणसं बोटं मोडतात. मातीतली पांढरी जाड अळी ती. आकड्यासारखी वाकून पडते, रोपाची मुळं खाते, आणि वरून हिरवंगार दिसणारं झाड सकाळी उपटून हातात येतं. आवडाबाईचा मिरच्यांचा अख्खा वाफा आदल्याच वर्षी हुमणीने गिळला होता. हुमणी तिच्या स्वप्नात यायची.

“काय होय रे हे, चंपत?” तिने घाबरत विचारलं.

बाज कुरकुरत होती, मशीन खडखडत होतं, चंपतला धाप लागली होती. “हुमूस, मावशी!”

आवडाबाईने जे डोळ्यांनी पाहिलं होतं तेच कानांनी ऐकलं. “हुमनी?”

“हो! तिकडे रोज खातेत. कच्चा कांदा लावून.”

“खातेत?”

“थांब ना, चाखून पाय!”

आवडाबाई विरजण न घेताच गेली. जाताना ती पळत होती, हे फक्त पुंजाजीने विहिरीवरून पाहिलं. मग तो पुन्हा मोट हाकायला लागला.

दुपारी चंपतने त्या वळ्यांत तिळाचा लगदा, लसूण, लिंबू कालवलं, वरून तिळाच्या तेलाची धार सोडली आणि सगळ्यांपुढे ठेवलं. पुंजाजीने भाकरीचा तुकडा बुडवून खाल्ला. “मीठ कमी हाय,” तो म्हणाला आणि आणखी घेतलं. रुपाने डोळे मिटून गिळलं. हौसाबाईने खाल्लं नाही. तिने चिमटीत धरून अंगठ्याने चोळलं.

“हे वाटलं म्हनतेत?” ती म्हणाली. “बैलाची चंदी होय हे.”

आणि खरं तेच होतं. चंपतलाही ते कळत होतं. मशीनने हरभरे चेचले होते, वाटले नव्हते. त्याने दोन घास खाल्ले, ताट सरकवलं आणि वाफ्याकडे निघून गेला.

उरलेल्या हुमूसचं गाडगं कोनाड्यात राहिलं आणि दुपारभर हौसाबाईला छळत राहिलं. पदार्थ परका असो, बिनफोडणीचा असो, त्याचं तिला काही नव्हतं. पण आपल्या घरात अर्धवट वाटलेलं काहीतरी पडून आहे, ही गोष्ट तिच्याने सोसवेना. अंगणात गेलं तरी सुचेना, निवडायला बसलं तरी सुचेना. शेवटी सगळे वावरात आहेत असं बघून तिने पाटा धुतला, गाडगं उपडं केलं आणि वरवंटा धरला. पाण्याचा हबका मारत, बाजूचं मध्ये ओढत, खांदे दुखेपर्यंत तिने ते वाटलं. वाटता वाटता त्याचा रंग उजळला, ते पाट्यावरून सरकायला लागलं. मग तिने बोट लावून चाखलं.

बरं होतं. पण बोलता बोलता कोणी मध्येच गप्प बसावं तसं लागत होतं. हौसाबाईने इकडे तिकडे पाहिलं, हिरव्या मिरचीचा ठेचा आणला आणि एका कोपऱ्यातल्या घासात कालवला.

“आता बोललं,” ती पाट्याला म्हणाली. तो घास तिने खाल्ला, उरलेलं गाडग्यात भरलं आणि पाटा कोरडा करून ठेवला. संध्याकाळी चंपतने गाडगं उघडलं, बोट बुडवलं, चाटलं, आणि बराच वेळ आईकडे बघत राहिला. ती तेव्हा अगदी मन लावून दिव्याची वात वळत होती.

दोन-तीन दिवसांनी हौसाबाईच्या लक्षात आलं की बाजारात आपल्या टोपलीपुढे कोणी थांबत नाही. रोजच्या गिऱ्हाइकीण बाया लांबूनच वळत. एकीने मेथीची जुडी उचलली, झटकली, पुन्हा झटकली, मुळांशी डोळे लावून पाहिलं आणि ठेवून दिली. ताजी मेथी टोपलीतच सुकली. “आपली मेथी काय बाटली काय?” हौसाबाई घरी येऊन करवादली. कोणालाच काही कळेना.

कळलं ते लखमामुळे. लखमा हा पलीकडच्या वावरातला म्हातारा. भला माणूस. सकाळी सकाळी तो रॉकेलचा रिकामा डबा घेऊन आला, वर पळसाचं पान झाकलेलं. हौसाबाईच्या पुढ्यात त्याने डबा ठेवला आणि डोक्याचा पटका सोडून घाम पुसला.

“घे वो माय. चंपतसाठी आनल्या.”

हौसाबाईने पान उचललं. डब्यात ओल्या मातीत मुठीच्या मुठी हुमण्या वळवळत होत्या.

“हे काय होय!”

“माह्या वावरात लय निंगून राह्यल्या ना. म्हनलं फेकन्यापरस पोराच्या तोंडी तरी लागतीन. लढाईतून आला बिचारा, तिकडची सवय लागली, आता इकडे कुठं भेटते?” मग त्याने आवाज उतरवला. “तळून खातो का कच्च्याच?”

हौसाबाईने पान झटकन पुन्हा झाकलं. 

“कोनं सांगतलं तुमाले?” तिने शेवटी विचारलं.

“समद्या बजारात हाय. आवडाबाईनं मशीन पायलं म्हने. लाज नको वाटून घेऊ वो. दुस्काळात मानसानं काय काय नाही खाल्लं.”

लखमाचं मन मोडवेना म्हणून तिने डबा ठेवून घेतला आणि तो वळताच कोंबड्यांपुढे उपडा केला. मग पदर खोचून ती आवडाबाईच्या मळ्याकडे निघाली. वाटेत तिला आठवलं आणि ती बांधावरच थांबली. परवा मंगरूळहून गुलाबराव येणार होता. संत्र्याच्या बगिच्याचा धनी, त्याच्या मुलासाठी रुपाला बघायला. मंगरूळला ही गोष्ट पोचली असेल का, हा प्रश्नच नव्हता. बाजारातली गोष्ट बैलगाडीने जाते आणि आठवडी बाजार कालच झाला होता.

आवडाबाई लसूण सोलत बसली होती. हौसाबाईने अंगणातूनच सुरुवात केली.

“काय वो आवडाबाई, माह्या पोराले किडे खाऊ घालता?”

“म्या कायले घालू? तोच खाते. माह्या डोळ्यानं पायल्या म्या.”

“थे हरभरे होते!”

“हरभरे गोल असतेत, हौसाबाई,” आवडाबाई शांतपणे म्हणाली. “थे लांब होते.”

“मशीनमंधून निंगाले म्हनून लांब झाले!”

“गोल टाकलं तं लांब कसं निंगते?”

 हौसाबाईलाही ते नीटसं कळलेलं नव्हतंच. तिने कमरेवर हात ठेवला. “परवा या. पावनेमंडळी येतीन. त्यायच्यासमोर पाट्यावर बसा अन् सोता वाटा. मंग सांगा बजारात, काय होय थे.”

आवडाबाईने जरा आढेवेढे घेतले. पण गुलाबराव येणार, मशीन असणार आणि आपण तिथे नसणार, ही कल्पना तिला सहन होणारी नव्हती. ती हो म्हणाली.

घरी चंपत डोकं धरून बसला. “म्या मशीन हिरीत टाकतो, माय. अन् परवा मूर्तिजापूरले निंगून जातो. मी नसलो का बोलनं होईन रुपीचं.”

“निंगून गेला का खरंच समजतीन लोकं. गपचूप बस. हुमूस करू. त्यायच्या समोर करू.” तिने पाट्याकडे पाहिलं. “अन् वाटीन मी. तुह्या हातानं चंदीच होते.”

परवा उजाडला. गुलाबरावाची बैलांची दमणी मळ्यात शिरली तेव्हा तिच्यातून गुलाबराव उतरला, त्याची बायको ललिताबाई उतरली, आणि त्यांच्यामागून आणखी दोन धोतरवाले उतरले, ज्यांचा या सोयरिकीशी काही संबंध नव्हता. “हे आपले शेजारी,” गुलाबराव म्हणाला. “सोबत आले.” शेजारी मळ्याकडे बघत नव्हते, घराकडे बघत नव्हते. ते चंपतकडे बघत होते.

गुलाबराव म्हणजे भारी देह, भारी मिशा. खाण्यात त्याचं नाव मोठं होतं. आणि तो माणूस ताटावर बसला तो सुतकात बसल्यासारखा. वांग्याची भाजी त्याने बोटाने उलटी केली, सुलटी केली. भाताचं एक एक शीत बाजूला केलं. मग पंचफुलाने शेवयांच्या खिरीची वाटी ठेवली. गुलाबरावाने त्या पांढऱ्या, लांब, दुधात पोहणाऱ्या शेवयांकडे पाहिलं आणि त्याच्या कपाळावर घाम आला.

“घ्या ना, शेवया हायत,” हौसाबाई म्हणाली.

“हायत ना शेवयाच?” गुलाबराव म्हणाला.

आता काही लपवण्यात अर्थ नव्हता. ललिताबाईने पदर सारखा केला. “लपवत नाही, बाई,” ती म्हणाली. “आमी काईतरी आयकलं. तुमचा पोरगा... आता कसं म्हनू?”

“हुमनी खातो?” हौसाबाई म्हणाली.

 दाराआड रुपा फटीशी आणखी सरकली. चंपत पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिला.

“पंचफुले, पाटा आन. आवडाबाई, या म्होरं.”

सगळी तयारी होतीच. हरभरे शिजलेले, तीळ कुटलेले. आवडाबाईला पाट्यावर बसवलं. तिने एक एक हरभरा उचलून उजेडात धरला, दाबला, हुंगला. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते आणि तिला ते फार आवडलं. “हरभराच होय,” ती शेवटी नाइलाजाने म्हणाली आणि वाटायला लागली. तिचे दोन हात जाडंभरडं फिरले नाहीत तोच हौसाबाईने “सरा बाजूले” म्हणून वरवंटा घेतला. पाट्यावर पांढरं लोणी व्हायला लागलं. लसूण गेला, लिंबू पिळलं, तेल सुटलं. तिने ते ताटलीत काढलं आणि भाकरीसकट गुलाबरावापुढे ठेवलं.

गुलाबरावाने घास घेतला. चावला. गिळला. आणि त्याचा चेहरा पडला.

“एवढंच?” तो म्हणाला. “हे तं हरभरे हायत.”

“हरभरेच हायत ना!”

“नाही म्हंजे...” गुलाबराव मिशीवरून हात फिरवत राहिला. त्याने शेजाऱ्यांकडे पाहिलं. शेजारीही हिरमुसले होते. मंगरूळहून एवढी दमणी हाकत आले होते ते काय हरभरे बघायला? त्यातला एक तर चक्क रागावलेला दिसला.

चंपतला ते उमगलं. लंगरखान्यात राहिलेल्या माणसाला पंगतीचं मन कळतंच. तो उठला, मशीन आणलं, बाजेला आवळलं. “मालक, तुमी जरा बाजेवर बसता का? वजन पायजे.” गुलाबराव बसला आणि बाज जमिनीत रुतली, तसूभरही हलली नाही. चंपतने दांडा फिरवला. भोकांतून पांढऱ्या वळ्या निघाल्या, वाकल्या, टपकल्या.

“हुमनी!” दोघे शेजारी एकदम ओरडले, आणि त्यांचे चेहरे असे उजळले की काय सांगावं.

“म्या म्हनत नव्हती?” आवडाबाई म्हणाली. “लांबच हायत!”

“हाना अजून, हाना!” गुलाबराव बाजेवरून म्हणाला. त्याने वाकून एक वळी उचलली, सगळ्यांना दाखवली, डोळे मोठे केले आणि तोंडात टाकली. शेजारी टाळ्या पिटत होते. मग तेही खाली बसले आणि पोटभर जेवले. शेवयांची खीर दोनदा झाली.

तिकडे बाया ताटलीभोवती जमल्या होत्या. ललिताबाईने एक बोट लावलं होतं, मग भाकरी मोडली होती. हौसाबाईने हळूच ठेचा पुढे सरकवला आणि एक वाटी हिरवीगार झाली. आवडाबाईने घरून जवसाची चटणी आणवली, ती दुसरीत पडली. रुपाला दाराआडून राहवेना. ती सांबार बारीक चिरून घेऊन आली आणि न विचारता तिसरीत कालवलं. पंचफुला म्हणाली, चिंचेचा कोळ टाकून पाहू. चंपत मध्ये येऊन हात जोडून म्हणाला, “अवं, असं नसते हो! तिकडे यात काई टाकत नाही!” पण त्याच्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही. बायांचं भांडण आता ऐन रंगात आलं होतं. आवडाबाई जवसावर अडून बसली, हौसाबाई ठेच्यावर.

“थे समदं ठीक हाय,” ललिताबाई तोंडातला घास फिरवत म्हणाली, “पन तुमचा लसूनच जास्त झाला, इहीनबाई.”

आणि ती थांबली. सगळ्याच थांबल्या. बोलणं व्हायचं होतं, नारळ फुटायचा होता, आणि विहीण हा शब्द तर निघून गेला होता. रुपाच्या हातातून सांबाराची काडी पडली.

ललिताबाईने नवऱ्याकडे पाहिलं. गुलाबराव बाजेवर बसून दांडा स्वतः फिरवत होता. त्याने तिकडे लक्षच दिलं नव्हतं. “आता म्हनली तं म्हनली,” ललिताबाई म्हणाली. “लसून मात्र कमी करा.”

हौसाबाईने तिचे दोन्ही हात धरले. दुसऱ्या कोणी तिच्या हाताच्या लसणाला नाव ठेवलं असतं तर त्या बाईची धडगत नव्हती.

संध्याकाळी दमणी जुंपली तेव्हा गुलाबराव जरा चिंतेत होता. “ते झालं चांगलं,” तो पुंजाजीला म्हणाला, “पन गावात समदे वाट पाहून राह्यले ना, इवाई. आता काय सांगू त्यायले? हरभरे खाऊन आलो?”

पुंजाजी दिवसभर बोलला नव्हता. त्याने बैलांच्या जोत्याची गाठ पाहिली, सैल होती ती आवळली.

“सांगा, चार खाल्ल्या,” तो म्हणाला. “बऱ्या होत्या.”

गुलाबराव हसत सुटला तो दमणी रस्त्याला लागेपर्यंत हसतच होता. मंगरूळला त्याने काय सांगितलं देव जाणे. पण रुपाच्या लग्नात वऱ्हाड दुप्पट आलं आणि प्रत्येक जण चंपतला शोधत होता.

पण ते पुढचं. त्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मळ्यात शांत झालं. हौसाबाई पाटा धुवायला बसली. चंपत पाणी घालत होता. उजेड अजून होता. मोटेच्या धावेवर बैल उभे होते.

“तिकडच्यासारखं झालं का रे?” हौसाबाईने मान वर न करता विचारलं.

चंपतने खोटं बोलायचा विचार केला आणि सोडून दिला. “नाही, माय. तुहं तुह्यासारखं झालं.”

“तिकडे कोन करे?”

“बंदराच्या फाटकापाशी एका बुढीचं दुकान होतं. मले कावीळ झाली होती तवा. काईच पोटात ठरे ना. दवाखान्यातली पेज पायली का उलटी. एक दिवस तिच्या दुकानासमोरच बसून गेलो, उठता येईना. तिनं हे समोर ठेवलं. हरभऱ्याचा वास आला, अन्...” त्याने तांब्या पुन्हा भरला. “मले वाटलं घरी आलो. मंग रोज जाऊ लागलो. पैसे देल्ले तं फेकून मारे.”

हौसाबाईचा हात पाट्यावर थांबला होता. “तुले बोली समजे तिची?”

“एक अक्षर नाही.”

“मंग काय म्हने ती?”

“कोनाले ठाऊक. भांडे जशी. असी उभी राहे कमरेवर हात ठेवून, अन् मी खाईपर्यंत तोंड चालू. शिव्याच असतीन.”

“शिव्याच असतीन,” हौसाबाई म्हणाली. तिने पदराने तोंड पुसलं आणि जरा जास्त वेळ पुसलं. “बरं केलं बाईनं. तू हायेसच तसा. शिव्या देल्याबिगर खाते कुठं?”

“माय, म्या...”

“पानी घाल. धार तुटू देऊ नको.”

त्याने पाणी घातलं. पाटा स्वच्छ झाला. तिने तो भिंतीला टेकवून उभा केला, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि त्याच्या पाठीवर एक जोराची थाप मारली, माया होती की राग, ते तिचं तिलाच माहीत. मग दोघं बैल सोडायला धावेकडे गेले.